दहशतवादाचा धडा, चित्रांच्या चौकटीत

११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी अमेरिकन एअरलाइन्सचं ११ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात घुसलं. युनायटेडच्या ९३ क्रमांकाच्या विमानाने तेव्हा नेवार्कहून उड्डाण करून जेमतेम चार मिनिटं झाली होती. ते पंचवीस मिनिटांहून जास्त उशिरा सुटलं होतं. म्हणजे पहिलं विमान पळवलं गेल्याचं बॉस्टनच्या हवाई नियंत्रकांच्या ध्यानात आलं, तेव्हा चौथं अजून जमिनीवरच होतं. अमेरिकी चौकशी आयोगाच्या पाचशेहून अधिक पानांच्या अहवालात हे सगळं आहे. मात्र तिथे चारही विमानांची हकीकत एकामागून एक येते आणि वेळांची सांगड वाचणाऱ्याला स्वतःच घालावी लागते.

याच अहवालाचं २००६ मध्ये निघालेलं चित्ररूप उघडलं, की चार विमानांच्या चार आडव्या पट्ट्या एकाखाली एक दिसतात. वरच्या पट्टीत विमान आदळतं, खालच्या पट्टीत दुसऱ्या विमानातले प्रवासी निवांत बसलेले असतात. नजर फक्त वरून खाली न्यायची. ‘चौथं विमान थांबवता आलं असतं का?’ हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाला आपसूक पडतो. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचून तो पडत नाही.

हे पुस्तक करणारे सिड जेकबसन आणि एर्नी कोलोन कोणी इतिहासकार नव्हते. दोघांची उमेदीची वर्षं ‘हार्वे कॉमिक्स’मध्ये गेली होती, ‘कॅस्पर’ नावाचं प्रेमळ भूत आणि ‘रिची रिच’ नावाचा गडगंज पोरगा यांच्या संगतीत. अशा माणसांनी जवळपास तीन हजार मृत्यूंचा वृत्तांत चितारावा, यावर भुवया उंचावणारच. तरीही आयोगाचे अध्यक्ष टॉमस कीन आणि उपाध्यक्ष ली हॅमिल्टन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. त्यामागचं कारण व्यवहारी होतं. आयोगाला आपला अहवाल लोकांनी वाचायला हवा होता आणि जाडजूड सरकारी ठोकळा किशोरवयीन मुलं हातात धरणार नाहीत, हे सांगायला वेगळा आयोग नेमायची गरज नव्हती.

तेव्हापासून वीस वर्षं होत आली. या काळात दहशतवाद, युद्ध आणि अलीकडचा इतिहास चित्रांतून सांगणाऱ्या सत्यकथांचं एक मोठं कपाटच तयार झालं आहे. त्यातली काही पुस्तकं शाळांनी अभ्यासाला लावली, काही लावून काढली, काही सरकारांनीच छापली. मुलांना चित्रं आवडतात, म्हणून इतिहास चित्रांतून शिकवावा, एवढं म्हणून हा प्रश्न मिटत नाही. ‘विमानाचा ताबा नेमका कोणी आणि कसा घेतला, हे निश्चित सांगता येत नाही’ असं वाक्य लिहून लेखक मोकळा होतो. चित्रकाराला ती सोय नाही. त्याला वैमानिकाच्या खुर्चीत कोणाला तरी बसवावं लागतं, त्याला चेहरा द्यावा लागतो, शर्टाचा रंग ठरवावा लागतो. शब्दांतली शंका चित्रात उतरताना पक्की होऊन बसते. जेकबसन-कोलोन यांच्या पुस्तकाची लंगडी बाजू हीच आहे. बंद दाराआड काय झालं, ते पाहणारं कोणीही जिवंत उरलं नाही. चित्रात मात्र ते डोळ्यांदेखत घडतं, वर मोठ्या अक्षरांतले धडामधुडूमचे आवाज.

ही शंका गिळण्याची खोड कुठवर जाऊ शकते, याचा नमुना २०११ मध्ये अमेरिकेतच छापला गेला. सेंट लुइसच्या एका प्रकाशकाने ११ सप्टेंबरवर मुलांसाठी चक्क रंगवायचं पुस्तक काढलं. त्यातल्या एका पानावर ओसामा बिन लादेन बुरख्यातल्या बाईच्या आड लपलेला आणि समोर बंदूक रोखलेला अमेरिकी सैनिक, असं चित्र होतं. लादेनला मारणाऱ्या अबोटाबादच्या कारवाईनंतर त्याने बाईला ढाल केल्याची माहिती सरकारकडून आधी दिली गेली होती खरी, पण व्हाइट हाउसने ती दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली. पुस्तक त्यानंतर काही महिन्यांनी आलं. दुरुस्ती वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत राहिली, मुलांच्या हातात रंगीत खडूंसोबत जुनी बातमी पडली.

सरकारं स्वतः चित्रकथा काढतात, तेव्हा आणखीच सावध राहावं लागतं. जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या गृहखात्याने ‘आंडी’ नावाच्या शाळकरी मुलाची चित्रकथा काढली. पहिला भाग उजव्या अतिरेकाबद्दल, २००७ मधला दुसरा इस्लामी अतिरेकाबद्दल आणि तिसरा डाव्या अतिरेकाबद्दल. एकेका गटाला एकेक अंक, अशी वाटणी. हेतू चांगला होता, अंक शाळांत वाटलेही गेले. पण गुप्तवार्ता सांभाळणारं खातंच गोष्ट सांगू लागलं, की गोष्टीतलं खातं सहसा चुकत नाही. आणि सरकारी चित्रकथेचं दुसरं टोक पाहायचं, तर १९८३ मध्ये सीआयएने निकाराग्वात वाटलेली सचित्र पुस्तिका आहे. नळ उघडे ठेवा, आजारी असल्याचं सांगून कामावर दांडी मारा इथपासून पेटत्या बाटल्या कशा बनवाव्यात इथपर्यंतचे धडे त्यात सोप्या रेखाटनांत होते. अर्धशिक्षित माणसालाही समजावं म्हणून चित्रं! चित्रकथेची शिकवण्याची ताकद कोणी खऱ्या अर्थाने ओळखली असेल, तर ती अशा लोकांनी.

शंका चित्रात हरवून जाण्याच्या या पेचातून चांगली पुस्तकं वाट कशी काढतात?

सगळ्यात जुनी युक्ती आर्ट स्पिगलमनची. ‘माउस’मध्ये त्याने ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजरं केलं. १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. ही जनावरं पाहताना वाचणारा क्षणभरही विसरत नाही, की समोर छायाचित्र नसून मुलाने बापाच्या तोंडून ऐकलेली आणि मग काढलेली गोष्ट आहे. मुखवटा हीच एक कबुली ठरते. काश्मीरच्या मलिक सजादने हा धागा आपल्याकडे आणला. २०१५ च्या ‘मुन्नू’मध्ये काश्मिरी माणसं हंगुल हरणाच्या रूपात दिसतात, बाकीचे माणसांच्याच. हंगुल ही खोऱ्यातली नामशेष होत चाललेली जात, त्यामुळे वेगळं भाष्य करायची गरजच उरत नाही. मुन्नू पुस्तकाच्या सुरुवातीला लहान असतो आणि बंदोबस्त, झडती, ओळखपरेड यांच्यामध्येच वयात येतो. काश्मीरबद्दल वाहिन्यांवरच्या चर्चा ऐकून मतं तयार झालेल्या महाराष्ट्रातल्या मुलाला हे पुस्तक पटेलच असं नाही. पण तिथल्या आपल्या वयाच्या मुलाची सकाळ कशी उजाडते, हे त्याला कळेल.

जो सॅको वेगळ्या वाटेने जातो. तो पत्रकार आहे आणि आपल्या बहुतेक पुस्तकांत स्वतःलाही काढतो. जाड ओठ, काचांमागे डोळे न दिसणारा चष्मा, हातात वही, चेहऱ्यावर थोडा ओशाळेपणा. २००९ च्या ‘फुटनोट्स इन गाझा’मध्ये तो १९५६ साली खान युनिस आणि रफा इथे झालेल्या हत्यांचा माग काढतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या घटना, आता म्हातारे झालेले साक्षीदार. एक सांगतो एक, दुसरा दुसरंच. सॅको ही विसंगती झाकत नाही, साक्षी जुळत नाहीत हे वाचकाला सरळ दाखवतो. म्हातारा साक्षीदार आजच्या खोलीत बसून बोलतोय, या चौकटीशेजारी त्याच्या आठवणीतली चौकट येते. कोण सांगतंय, कुठून सांगतंय, ते कळत राहतं. इतिहासाच्या तासाला ‘साधनांची चिकित्सा’ म्हणून जो कोरडा मुद्दा पाठ करून घेतला जातो, तो इथे पानोपानी चाललेला दिसतो. सॅकोचं भारताशीही नातं आहे. उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरच्या दलितांवर त्याने केलेलं चित्रवार्तांकन २०१२ च्या ‘जर्नलिझम’ या संग्रहात आहे.

इमान्युएल गिबेरच्या ‘द फोटोग्राफर’मध्ये तर १९८६ च्या अफगाणिस्तानातली दिदिए लफेव्हरची खरी छायाचित्रं आणि गिबेरची रेखाटनं एकाच पानावर शेजारी शेजारी येतात. कॅमेऱ्याने काय टिपलं आणि काय राहून गेलं, हे डोळ्यांना आपोआप कळतं. वर्गात नेण्यासाठी याहून सोयीचं पुस्तक शोधून सापडणार नाही.

पॅरिसने वेगळंच वाङ्मय दिलं. ७ जानेवारी २०१५ ला ‘शार्ली एब्दो’ या व्यंगसाप्ताहिकाच्या कचेरीवरच्या हल्ल्यात बारा माणसं मारली गेली. तिथला व्यंगचित्रकार लूझ याचा त्या दिवशी वाढदिवस होता आणि तो बैठकीला उशिरा पोचला. त्याची सहकारी कॅथरीन म्यूरिसलाही उशीर झाला. दोघंही वाचले आणि दोघांनीही त्यावर चित्रपुस्तकं केली. त्यांत हल्ला जवळपास नाहीच. झोप उडालेली, हाताला चित्र काढता येईना, सुंदर काही पाहावं म्हणून जीव तळमळतोय, असं सगळं आहे. त्याच वर्षीच्या १३ नोव्हेंबरला बाताक्लाँ नाट्यगृहावरच्या हल्ल्यातून फ्रेद देविल्द जिवंत बाहेर आला. तो वैद्यकीय चित्रकार. २०१६ च्या ‘मों बाताक्लाँ’त त्याने मारेकऱ्यांना चेहरेच दिले नाहीत, सांगाडे म्हणून काढलं. माथेफिरूंची छबी घरोघर पोचवायचं काम त्याने नाकारलं. मे २०२४ मध्ये त्याने आपलं जीवन संपवलं. हल्ल्यातल्या बळींचा आकडा कुठे थांबवायचा, हा प्रश्न त्याचं पुस्तक शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला आता टाळता येणार नाही.

मारेकऱ्याला किती जागा द्यायची, हा मुलांच्या बाबतीत नाजूक मुद्दा आहे. किशोरवयात चेहरे मनात ठसतात आणि वाईट चेहऱ्यांनाही एक वलय असतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बंदूक घेऊन चाललेल्या कसाबचं सबॅस्टियन डिसूझा यांनी काढलेलं छायाचित्र न्यायालयात पुरावा ठरलं, त्याची किंमत वादातीत आहे. पण २६ नोव्हेंबर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे तेच एक चित्र येतं. गिरगाव चौपाटीवर हातात काठीशिवाय काही नसताना कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं तसं छायाचित्र नाही, असू शकत नाही. छायाचित्र जिथे नाही, तिथेच तर चित्रकाराचं खरं काम असतं. डॉन ब्राउनने २०२१ मध्ये अमेरिकी मुलांसाठी केलेलं ‘इन द शॅडो ऑफ द फॉलन टॉवर्स’ हे पुस्तक याच समजुतीवर उभं आहे. हल्ल्यानंतरचे सेकंद, मिनिटं, दिवस, महिने आणि वर्षं हा त्याचा विषय. ढिगाऱ्यात उतरणारे अग्निशामक दलाचे जवान आणि पुढची लांबत गेलेली पडझड.

उलट बाजूचं पुस्तक म्हणजे ‘ग्वांतानामो किड’. सौदीत वाढलेला चाडचा मुलगा मोहम्मद अल-गरानी २००१ मध्ये कराचीत पकडला गेला. तेव्हा तो चौदाएक वर्षांचा होता. तिथून तो अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगात गेला आणि २००९ च्या जानेवारीत अमेरिकी न्यायाधीशाने पुराव्याअभावी त्याला सोडायचा आदेश दिला. नववीतलं मूल पकडलं जातं आणि बाविसाव्या वर्षाच्या आसपास सुटतं, इतकी ही सरळ गोष्ट. दहशतवादावरच्या धड्यात दहशतवादविरोधी कारवाईचाही भाग असतो, हे शिकवायला हे पुस्तक हवं. जेकबसन आणि कोलोन यांनाही ते पटलं असावं. पुढे २०१७ मध्ये त्यांनी सीआयएच्या छळाबद्दलच्या अमेरिकी सिनेटच्या अहवालाचंही चित्ररूप केलं.

आता वर्गातून बाहेर काढलेल्या पुस्तकांबद्दल. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसी राज्यातल्या मॅकमिन परगण्याच्या शाळा मंडळाने ‘माउस’ आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने काढलं. कारण काय, तर आठ शिव्या आणि एक छोटं नग्न चित्र. मार्च २०१३ मध्ये शिकागोच्या शाळांनी मार्जान सत्रापीचं इराणी क्रांतीवरचं ‘पर्सेपोलिस’ सातवीच्या वर्गांतून हलवलं, तेव्हा मुलांनीच निदर्शनं केली. हिरोशिमाने तर कमाल केली. अणुबॉम्बमधून वाचलेल्या केइजी नाकाझावाने १९७३ पासून काढलेली ‘अनवाणी गेन’ ही चित्रमालिका खुद्द त्याच शहराच्या शिक्षण मंडळाने २०२३ पासूनच्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून वगळली. त्यात गेन आजारी आईसाठी दुसऱ्याच्या तळ्यातला मासा चोरतो. आजच्या मुलांना तो प्रसंग नीट समजणार नाही, असं मंडळाचं म्हणणं. शहर बेचिराख झालं हे समजेल, पण भुकेल्या मुलाची चोरी समजणार नाही!

या तिन्ही ठिकाणी घटनेला कोणाचा आक्षेप नव्हता, आक्षेप मुख्यतः चित्राला होता. हेच सगळं छापील परिच्छेदात असतं, तर कोणी पान उलटूनही पाहिलं नसतं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं. संविधान नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले, हातात चाबूक, मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, सरकारने पुस्तक मागे घेतलं, सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या खोलीची मोडतोड झाली. मोडतोड निषेधार्हच होती. पण मूळ आक्षेप हसण्यावारी नेणं हाही उथळपणा झाला असता. वर्गात साठ मुलं आहेत, त्यांतल्या एकाच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे आणि पुस्तकात त्यांच्यामागे कोणीतरी चाबूक घेऊन उभं आहे. त्या मुलाला ते चित्र शेजारच्यासारखं दिसणार नाही. चित्र वर्गात न्यायचं, तर ते कोणाकोणासमोर नेतोय हे आधी पाहावं लागतं. बाबासाहेबांवरचंच दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांचं ‘भीमायन’ २०११ मध्ये आलं. त्यात महाडच्या पाण्याची गोष्ट चौकटींना फाटा देऊन मोकळ्या वळणांत वाहते आणि ती हाताळताना असा प्रश्नच येत नाही. अपमान सोसणाऱ्याच्या बाजूने चित्र काढलं, की बराच गुंता सुटतो.

दहशतवादावर मात्र मराठी मुलांपुढे ठेवायला आपल्याकडे काय आहे? राज्याच्या नववीच्या इतिहासात ‘भारतापुढील अंतर्गत आव्हाने’ असा पाठ आहे. पंजाब, ईशान्य भारत, नक्षलवाद, जमातवाद, सगळं मोजक्या पानांत. आज दहावीत बसलेलं मूल २००८ नंतर जन्मलेलं आहे. त्याच्यासाठी २६/११ म्हणजे सिनेमा आणि मोबाइलवरच्या चित्रफिती. १९९३ चे बॉम्बस्फोट म्हणजे तर थेट वेबमालिका. घरातल्या मोठ्यांच्या आठवणी असतात, पण त्या ज्याच्या त्याच्या वस्तीच्या असतात.

कच्चा माल मात्र मुबलक आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकी आयोगाच्या अहवालाचं चित्ररूप करणं सोपं गेलं, कारण तिथलं सरकारी लेखन कोणाच्याच मालकीचं नसतं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातही अशी वाट आहे. न्यायालयांचे निकाल आणि विधिमंडळात मांडलेले आयोगांचे अहवाल, मनाई केलेली नसेल तर, छापायला मुभा आहे. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींवरचा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. कसाब खटल्याचा विशेष न्यायालयाचा मे २०१० चा निकाल दीड हजारांहून अधिक पानांचा आहे. त्याच निकालाने दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं, ही गोष्ट फाशीच्या बातमीखाली कायमची दबून गेली.

पहिलं पुस्तक काढायचं, तर ते ११ जुलै २००६ वर काढावं. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. मुंबईकर मुलाला बोरिवली लोकलचा पहिल्या वर्गाचा डबा समजावून सांगावा लागत नाही. २०१५ मध्ये खालच्या न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या निकालाचा दाखला तूर्तास इतर खटल्यांत देता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायचं कारण नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले. वेगळा खटला, वेगळ्या धर्माचे आरोपी, आणि मेलेल्यांच्या घरच्यांपुढे तोच प्रश्न.

इथे चित्रकाराची खरी कसोटी आहे. डब्यात बॉम्ब ठेवणारा हात काढायचा, तर तो कोणाचा? दोन न्यायालयांनी दोन उत्तरं दिली आहेत. ती चौकट कोरी ठेवता येईल, किंवा एकाच प्रसंगाची दोन पानं समोरासमोर काढून एकावर खालच्या न्यायालयाने मान्य केलेला आणि दुसऱ्यावर वरच्या न्यायालयाने अमान्य केलेला पुरावा दाखवता येईल. शिक्षकाला पुस्तकाची वाट पाहायचीही गरज नाही. निकालातला एक परिच्छेद मराठीत करून फळ्यावर लिहावा आणि मुलांना त्यावरून सहा चौकटी काढायला सांगाव्यात. तिसऱ्या चौकटीपर्यंत कोणीतरी विचारणारच, ‘सर, हा माणूस कसा दिसत होता? त्याने काय घातलं होतं?’ साक्षीदाराला ते आठवत होतं का, किती वर्षांनी आठवलं आणि उच्च न्यायालयाने त्या ओळखीवर विश्वास का ठेवला नाही, हा तास तिथून सुरू होतो.

अडचणी आहेतच. प्रकाशक कोर्टाला घाबरतील, मुख्याध्यापक पालकांना. पण वर दिलेल्यांतल्या काही पुस्तकांनाही अशा धास्तीला तोंड द्यावं लागलं आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मराठी मुलांच्या हातात आहे आणि चित्रकारांचीही आपल्याकडे वानवा नाही. एखाद्या अंकात सोळा पानं या प्रयोगाला द्यायला संपादकांनी हरकत घेऊ नये.